भारतीय कायद्यात घडलेल्या वकिलासाठी इंग्लिश करार कायदा : वाचनाचा आणि तपासणीचा क्रम

मुंबई, पुणे किंवा पणजीत शिकलेला वकील इंग्लिश कायद्याखालचा करार पहिल्यांदा हाती घेतो, तेव्हा त्याला त्यात फारसे परके काही दिसत नाही. प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल (वचनाच्या बदल्यात द्यायचा मोबदला), हमी, नुकसानभरपाई या साऱ्या कल्पना १८७२ च्या भारतीय करार कायद्यातून त्याच्या परिचयाच्या असतात, आणि कार्लिल विरुद्ध कार्बोलिक स्मोक बॉल किंवा हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल हे निकाल तर त्याने विद्यार्थिदशेतच पाठ केलेले असतात. धोका नेमका या परिचयात आहे. जर्मन किंवा फ्रेंच वकील परक्या प्रदेशात आल्याच्या जाणिवेने प्रत्येक नियम तपासून घेतो. भारतीय वकील मात्र नाव ओळखीचे दिसले की नियमही तोच असणार असे धरून पुढे जातो. प्रत्यक्षात १८७२ ची संहिता तयार होताना काही इंग्लिश नियम बदलूनच घेतले गेले, आणि त्यानंतर दोन्ही देशांची न्यायालये अनेक बाबतींत आपापल्या वाटेने गेली. एखादा करार तपासताना कोणत्या क्रमाने काय पाहावे आणि कोठे आपली सवय बाजूला ठेवावी, एवढ्यापुरताच हा लेख आहे. विषय मुख्यतः व्यापारी करारांचा आहे; ग्राहकांच्या करारांना २०१५ चा कन्झ्युमर राइट्स ॲक्ट लागतो आणि तो स्वतंत्र प्रांत आहे.

कोणता कायदा, कोणाचा कायदा

सर्वप्रथम कायद्याच्या निवडीचे कलम वाचावे. ‘ब्रिटिश करार कायदा’ नावाची गोष्ट अस्तित्वात नाही. इंग्लंड व वेल्स यांचा कायदा एक, स्कॉटलंडचा वेगळा आणि उत्तर आयर्लंडचे अधिकारक्षेत्रही स्वतंत्र. स्कॉटलंडमध्ये तर करारासाठी प्रतिफलाची अटच नाही. म्हणून मसुद्यात ‘युनायटेड किंगडमचा कायदा’ असे लिहिलेले आढळले, तर ते सही होण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्यावे.

त्यानंतर लवादाचे कलम पाहावे. मूळ कराराला भारतीय कायदा आणि लवादाचे अधिष्ठान (ज्या ठिकाणच्या कायद्याच्या चौकटीत लवाद चालतो ते कायदेशीर स्थान) लंडन, अशी रचना आपल्याकडच्या करारांत पुष्कळदा दिसते. अशा वेळी लवादाच्या कराराला कोणता कायदा लागतो, हा प्रश्न २०२० च्या एन्का विरुद्ध चब या निकालानंतरही किचकटच राहिला होता. २०२५ च्या आर्बिट्रेशन ॲक्टने तो सोपा केला : १ ऑगस्ट २०२५ पासून सुरू होणाऱ्या लवादांत, पक्षकारांनी खास लवादाच्या करारासाठी वेगळा कायदा स्पष्टपणे ठरवला नसेल तर अधिष्ठानाचाच कायदा लागतो. मूळ कराराला भारतीय कायदा लागू आहे एवढ्यावर विसंबणे आता पुरेसे नाही.

निकाल कसा वाचावा

इंग्लंडमध्ये करारांची संहिता नाही. काही मोजके कायदे विशिष्ट प्रश्नांपुरते आहेत आणि उरलेला सारा कायदा निकालांत आहे. आपण कलमापासून निकालाकडे जायला शिकलेलो असतो. तेथे सुरुवातच निकालापासून करावी लागते. माझा सल्ला असा की एखाद्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा सर्वांत अलीकडचा निकाल आधी पूर्ण वाचावा आणि मग त्यातून मागे जावे, कारण अशा निकालात जुन्या निर्णयांचा आढावा बहुधा घेतलेला असतो आणि कोणता निर्णय टिकला, कोणता मर्यादित झाला हेही त्यातच कळते. युनायटेड किंगडमचे सर्वोच्च न्यायालय ऑक्टोबर २००९ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वीचे अंतिम निकाल हाउस ऑफ लॉर्ड्सचे. प्रिव्ही कौन्सिलचे निकाल इंग्लिश न्यायालये आदराने वाचतात, पण ते सर्वसाधारणपणे त्यांच्यावर बंधनकारक नसतात. अपिली न्यायालयात अनेकदा प्रत्येक न्यायमूर्ती आपले मत स्वतंत्रपणे लिहितो, तेव्हा बहुमत नेमके कोणत्या कारणावर जुळले हे शोधल्याशिवाय एखाद्या परिच्छेदाचा आधार देऊ नये. नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर एप्रिल २०२२ पासून निकाल विनामूल्य मिळतात, त्यामुळे केवळ शीर्षटिपणीवर काम भागवण्याचे कारण उरलेले नाही.

करार झाला आहे का

बहुतेक करारांना लेखी स्वरूपाची गरज नाही. तोंडी किंवा ईमेलवरचा करारही पुरतो. वाटाघाटींच्या पत्रव्यवहारावर ‘सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट’ असे शब्द असतील, तर अंतिम सही होईपर्यंत कोणीही बांधील नाही असा त्यांचा अर्थ होतो. मात्र सही न करताच दोन्ही बाजूंनी काम सुरू केले आणि पुढे रेटले, तर वागणुकीवरून करार झाल्याचे मानले जाऊ शकते. आरटीएस विरुद्ध म्यूलर या २०१० च्या निकालात तसेच घडले.

लेखी स्वरूप आवश्यक असणारे दोन अपवाद लक्षात ठेवावेत : जमिनीविषयीचे करार आणि हमी. हमीसाठी आजही १६७७ चा स्टॅट्यूट ऑफ फ्रॉड्स लागतो, म्हणजे हमी लेखी हवी आणि तीवर हमीदाराची किंवा त्याच्या प्रतिनिधीची सही हवी. हा जुना कायदा आपल्या दारापर्यंत येऊन गेला आहे. गोव्याच्या साळगावकर मायनिंग इंडस्ट्रीज या कंपनीविरुद्ध गोल्डन ओशनने लंडनमध्ये आणलेल्या खटल्यात जहाजभाड्याच्या वाटाघाटी दलालांमार्फत ईमेलवर झाल्या होत्या आणि हमीचा स्वतंत्र दस्तऐवज तयारच झालेला नव्हता. ईमेलची मालिका एकत्र वाचून लेखी करार होऊ शकतो आणि ईमेलखाली टाकलेले दलालाचे नाव ही सही ठरू शकते, असे अपिली न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटले. त्यामुळे ‘हमीपत्र नंतर करू’ असे म्हणत मुख्य अटींना ईमेलवर होकार देणाऱ्या अशिलाला वेळीच थांबवणे हे वकिलाचे काम आहे.

प्रतिफल : येथे सर्वांत जास्त घसरण होते

भारतीय कायद्याच्या कलम २(ड) प्रमाणे प्रतिफल वचन घेणाऱ्याकडून किंवा ‘अन्य कोणत्याही व्यक्तीकडून’ येऊ शकते, आणि वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून पूर्वी केलेले कामही प्रतिफल ठरते. इंग्लिश कायद्यात यांपैकी एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही. प्रतिफल वचन घेणाऱ्याकडूनच यावे लागते. ट्वेडल विरुद्ध ॲटकिन्सन या १८६१ च्या निकालाची आणि आपल्या चिन्नया विरुद्ध रामय्या या १८८२ च्या निकालाची तुलना केली की दोन वाटा कोठे फुटल्या ते दिसते. झालेल्या कामाबद्दल नंतर दिलेले वचन इंग्लंडमध्ये साधारणपणे अंमलात आणता येत नाही. काम करतानाच मोबदल्याची उभय पक्षांना समज होती असे दाखवता आले तरच अपवाद मिळतो.

कर्जफेडीत हा फरक पैशांच्या भाषेत जाणवतो. आपल्या कलम ६३ नुसार ऋणको कमी रक्कम देतो, धनको ती पूर्ण फेड म्हणून स्वीकारतो आणि विषय संपतो. इंग्लंडमध्ये फोक्स विरुद्ध बीअर हा १८८४ चा निकाल अजून उभा आहे. डॉक्टर फोक्स यांनी हप्त्यांनी मुद्दल फेडले, बीअरबाईंनी पुढे कारवाई करणार नाही असे लिहून दिले होते, तरी नंतर त्यांनी व्याज मागितले आणि त्या जिंकल्या, कारण आधीच देणे असलेली रक्कम देणे हे नवे प्रतिफल नव्हे. १९९१ च्या विल्यम्स विरुद्ध रॉफी ब्रदर्स या निकालाने, जास्त पैसे देण्याचे वचन असेल तर ‘व्यावहारिक फायदा’ पुरतो, अशी सवलत दिली; पण कमी पैसे घेण्याच्या वचनाला अपिली न्यायालयाने ती १९९५ च्या सिलेक्टमूव्ह प्रकरणात लागू केली नाही. वचनबद्धतेच्या इस्टॉपेलचा (दिलेल्या वचनावर दुसरा विसंबल्यावर ते फिरवण्यास मनाई) आधार आहे, परंतु आपल्याकडे मोतीलाल पदमपत प्रकरणानंतर त्यावर स्वतंत्र दावा उभा राहू शकतो तसा तो तेथे राहत नाही. तो फक्त बचावासाठी वापरता येतो.

यावरचा व्यावहारिक उपाय म्हणजे डीड, म्हणजे ठरावीक औपचारिक रीतीने केलेला दस्तऐवज. प्रतिफलाविषयी शंका असेल, विशेषतः तडजोड, हमी किंवा करारातील फेरबदल यांच्या बाबतीत, तर दस्तऐवज डीड म्हणून करावा; डीडला प्रतिफल लागत नाही. मात्र १९८९ च्या कायद्यानुसार दस्तऐवज पाहताच तो डीड आहे हे स्पष्ट व्हावे लागते, व्यक्तीची सही साक्षीदारासमोर व्हावी लागते आणि साक्षीदारानेही सही करावी लागते. साक्षीदार त्याच जागी प्रत्यक्ष हजर असावा. व्हिडिओ कॉलवर पाहिलेल्या सहीवर साक्ष घालण्याचा मोह, सह्या मुंबईत आणि व्यवहार लंडनमध्ये असला की हमखास होतो, तो टाळावा. भारतीय कंपनीच्या सहीसाठी परदेशी कंपन्यांबाबतचे २००९ चे वेगळे नियम आहेत, तेही पाहून घ्यावेत.

याच ओघात फेरबदलाचे कलमही तपासावे. ‘लेखी आणि सहीनिशीच बदल होईल’ असे करारात असेल, तर एमडब्ल्यूबी विरुद्ध रॉक या २०१८ च्या निकालाप्रमाणे ते शब्दशः लागू होते. फोनवर ठरलेली नवी हप्तेबंदी त्यापुढे टिकत नाही.

त्रयस्थाचा हक्क

१९९९ च्या काँट्रॅक्ट्स (राइट्स ऑफ थर्ड पार्टीज) ॲक्टमुळे करारात नाव, वर्ग किंवा वर्णन असलेल्या त्रयस्थाला, करार त्याच्या फायद्यासाठी असेल तर, स्वतः दावा करता येतो. बहुतेक व्यापारी करार एका ओळीत हा कायदा वगळतात. आपला अशील समूहातील उपकंपनी असेल आणि सही फक्त मूळ कंपनीची असेल, तर ती ओळ तशीच ठेवू नये.

शब्दांना शब्दांप्रमाणे वाचणे

करार आहे हे ठरल्यावर तो वाचायचा कसा, हा प्रश्न येतो, आणि इंग्लिश कायद्याचा स्वभाव येथे सर्वांत स्पष्ट दिसतो. करार करताना दोन्ही पक्षांना वाजवीपणे उपलब्ध असलेली पार्श्वभूमी जाणणाऱ्या समंजस वाचकाला त्या शब्दांचा जो अर्थ कळेल तोच अर्थ. पक्षकाराच्या मनात काय होते याला महत्त्व नाही, आणि वाटाघाटींतील मसुदे व पत्रे अर्थ ठरवण्यासाठी पुढे करता येत नाहीत, हे चार्टब्रुक विरुद्ध पर्सिमन या २००९ च्या निकालाने पुन्हा सांगितले. दोन्ही पक्षांचा समान हेतू कागदावर चुकीचा उतरला असेल, तर करार दुरुस्त करून मागता येतो आणि तेव्हा तो पत्रव्यवहार चालतो; पण तो वेगळा आणि अवघड दावा आहे.

अर्नोल्ड विरुद्ध ब्रिटन हा २०१५ चा निकाल नवख्याने जरूर वाचावा. वेल्समधील ऑक्सविच येथील सुट्टीच्या घरांच्या दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यांत सेवाशुल्क आरंभी ९० पौंड होते आणि काही पट्ट्यांत ते दरवर्षी चक्रवाढीने दहा टक्के वाढणार होते. महागाई चढती असताना ते वाजवी वाटले असेल. पण त्या हिशेबाने २०७२ पर्यंत एका घराचे वार्षिक शुल्क साडेपाच लाख पौंडांच्या वर जाणार होते. सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने शब्द स्पष्ट आहेत म्हणून तोच अर्थ कायम केला. व्यवहार पुढे अंगाशी आला एवढ्यावरून कलमाचा अर्थ बदलत नाही. नंतरच्या वुड विरुद्ध कॅपिटा या २०१७ च्या निकालाने शब्द आणि संदर्भ ही दोन्ही एकाच कामाची साधने आहेत असे समजावले, तरी काळजीपूर्वक लिहिलेल्या व्यापारी करारात शब्दांचेच पारडे जड राहते. म्हणून प्रत्येक वाढीच्या सूत्रात अखेरच्या वर्षाचा आकडा स्वतः काढून पाहावा. वकील हे सहसा करत नाहीत, हिशेबनीसावर सोपवतात.

सद्भावाचे कर्तव्य कोणी लिहिले आहे का

युरोपीय संहितांत शिकलेल्या सहकाऱ्यांना येथे मोठा धक्का बसतो. जर्मन संहितेचे कलम २४२ किंवा फ्रेंच संहितेचे कलम ११०४ यांसारखे सद्भावाचे सर्वसाधारण कर्तव्य इंग्लिश कायद्यात नाही. वॉलफर्ड विरुद्ध माइल्स या १९९२ च्या निकालाप्रमाणे सद्भावाने वाटाघाटी करण्याचे नुसते वचनसुद्धा अंमलात आणता येत नाही. समोरचा पक्ष आयत्या वेळी उठून गेला तरी एरवी त्याला जबाबदार धरता येत नाही; खोटी विधाने केली असतील तर गोष्ट वेगळी. ठरावीक काळ दुसऱ्या कोणाशी बोलणार नाही असा बंदीकरार मात्र मुदत स्पष्ट असेल आणि प्रतिफल असेल तर चालतो, म्हणून अशिलाचे संरक्षण तेथे बांधावे.

२०१३ च्या यॅम सेंग निकालापासून दीर्घकालीन सहकार्याच्या काही करारांत सद्भावाचे कर्तव्य गर्भित मानले जाऊ लागले आहे, आणि ब्रॅगँझा विरुद्ध बीपी या २०१५ च्या निकालानुसार करारातील स्वेच्छाधिकार मनमानीने वापरता येत नाही. तरीही या दोन्हींवर भिस्त ठेवून मसुदा मोकळा सोडणे शहाणपणाचे नाही. हवे ते कर्तव्य नेमके लिहावे : कोणती माहिती, किती दिवसांत, कोणाला द्यायची.

अडचण आल्यावर

‘फोर्स मेजर’ (आवाक्याबाहेरच्या घटनेमुळे मिळणारी सूट) हा इंग्लिश कायद्याचा स्वतंत्र नियम नाही. करारात कलम असेल तेवढेच संरक्षण मिळते. कलम नसेल तर फ्रस्ट्रेशनचा (पूर्तता अशक्य झाल्याने करार संपण्याचा) सिद्धांत उरतो, आणि तो आपल्या कलम ५६ प्रमाणेच क्वचित लागतो. काम महाग किंवा कष्टाचे झाले एवढे कारण पुरत नाही. कलम असले तरी ते जपून वाचावे. आरटीआय विरुद्ध एमयूआर शिपिंग या प्रकरणात करार डॉलरमध्ये पैसे देण्याचा होता, अमेरिकी निर्बंधांमुळे डॉलरची देणी अडकण्याचा धोका होता आणि पैसे देणाऱ्या बाजूने ते युरोमध्ये देऊ केले. ‘वाजवी प्रयत्न’ करण्याच्या कर्तव्यात करारात नसलेली पूर्तता स्वीकारणे येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ठरवले. पर्यायी चलन किंवा पर्यायी बंदर स्वीकारण्याची तयारी हवी असेल, तर ती कलमातच असली पाहिजे.

करारभंग झाल्यावर रद्दीकरणाची नोटीस देण्याची घाई करू नये. भंग झालेली अट मूलभूत आहे का, नसेल तर १९६२ च्या हाँगकाँग फर निकालाच्या कसोटीने त्या भंगामुळे कराराचा सारा लाभच हिरावला गेला का, हे आधी पाहावे लागते. अटीला ‘कंडिशन’ असे नाव दिले म्हणून ती मूलभूत होतेच असेही नाही. शूलर विरुद्ध विकमन या १९७४ च्या निकालात साप्ताहिक भेटींच्या अटीला तसे म्हटले होते, तरी एक भेट चुकल्यावर करार संपवण्याचा हक्क हाउस ऑफ लॉर्ड्सने मानला नाही. हक्क नसताना करार संपवणारा बहुधा स्वतःच करारभंग करणारा ठरतो. उलट, हक्क असताना जुन्याच रीतीने व्यवहार चालू ठेवला तर तो हक्क सोडल्यासारखे होते, म्हणून निर्णय होईपर्यंत ‘सर्व हक्क राखून’ असे पत्र त्वरित पाठवावे.

पैसा, दंड आणि पूर्तता

कराराच्या भंगासाठी ठरवलेली रक्कम पाहिली की आपल्या मनात कलम ७४ येते : लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा, न्यायालय तिच्या आत वाजवी भरपाई देणार. इंग्लंडमध्ये असा मधला मार्ग नाही. २०१५ मध्ये कॅव्हेंडिश विरुद्ध मकदेसी आणि पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस या जोड खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने कसोटी अशी ठरवली की ती रक्कम दावेदाराच्या वैध हिताच्या तुलनेत अवाजवी आहे का. अवाजवी असेल तर ते कलम लागू होत नाही आणि प्रत्यक्ष नुकसान सिद्ध करावे लागते; नसेल तर नुकसानीचा पुरावा न देताही पूर्ण रक्कम मिळते. पार्किंगचे मोफत दोन तास ओलांडल्याबद्दलचे ८५ पौंड तेथे वैध ठरले, आणि त्यात गाडीतळ चालवणाऱ्या कंपनीचे काही नुकसान झाले नव्हते. ‘न्यायालय कमी करेल’ या भरवशावर मोठा आकडा मान्य करण्याची आपल्याकडची सवय येथे फार महागात पडते.

प्रत्यक्ष पूर्तता (भरपाईऐवजी करारच पाळायला लावणारा आदेश) मागण्याबाबत दोन्ही कायदे आता दूर गेले आहेत. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भारतात ती न्यायालयाच्या मर्जीवर राहिलेली नाही. इंग्लंडमध्ये ती आजही विवेकाधीन आहे आणि पैशाने भागत असेल तर मिळत नाही. तोट्यातील सुपरमार्केट चालू ठेवण्याचा आदेश हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९७ मध्ये को-ऑपरेटिव्ह इन्शुरन्स विरुद्ध आर्गिल या प्रकरणात नाकारला, जरी भाडेपट्ट्यात तशी स्पष्ट अट होती.

जबाबदारी मर्यादित करणाऱ्या कलमांवर १९७७ च्या अनफेअर काँट्रॅक्ट टर्म्स ॲक्टची वाजवीपणाची कसोटी आहे, हे पुस्तकात वाचून नवखा निर्धास्त होतो. त्याच कायद्याचे कलम २७(१) त्याने पुढे वाचलेले नसते. करार केवळ पक्षकारांनी निवडला म्हणून इंग्लिश कायद्याखाली आला असेल, एरवी तो दुसऱ्याच देशाच्या कायद्याखाली पडला असता, तर हे मुख्य संरक्षण लागतच नाही. पुण्यातील पुरवठादार आणि दुबईतील खरेदीदार यांनी लंडनशी काही संबंध नसताना इंग्लिश कायदा निवडला, की वगळणुकीचे कलम बहुतांशी जसे लिहिले तसे चालते. योगायोगाने आपल्याकडेही कलम २७ च धोक्याचे आहे : नोकरी सुटल्यानंतरची स्पर्धाबंदी भारतात शून्यवत असते, इंग्लंडमध्ये ती वाजवी असेल तर टिकते.

मुदत

साध्या करारावर दावा सहा वर्षांत, डीडवर बारा वर्षांत आणता येतो. आपल्या तीन वर्षांच्या तुलनेत हे ऐसपैस वाटते. पण भारतीय कायद्याच्या कलम २८ मुळे मुदत कमी करणारी किंवा ती उलटताच हक्क संपवणारी कलमे आपल्याकडे शून्यवत ठरतात, आणि ही ढाल इंग्लिश कायद्यात नाही. कंपनीचे भाग विकत घेताना विक्रेत्याने दिलेल्या आश्वासनांबाबतचा दावा अठरा महिन्यांत, दाव्याचे स्वरूप व अंदाजे रक्कम नमूद करून, ठरावीक पत्त्यावर कळवावा असे कलम असेल, तर त्यातील प्रत्येक शब्द पाळावा लागतो. रक्कम लिहायची राहिली किंवा नोटीस दुसऱ्याच पत्त्यावर गेली, तर सहा वर्षांची मुदत शिल्लक असूनही दावा बुडू शकतो. सही झाली त्याच दिवशी या तारखा आणि पत्ते करारातून काढून अशिलाच्या हिशेब विभागाला लेखी कळवावेत.